नावातच प्रश्न असलेली गाणी सुचवा (कोजागिरीसाठी यादी करायची आहे)

तिफणवाला (दारव्हा तालुका) :

नमस्कार मंडळी. आमच्या गावात कोजागिरीच्या रात्री वाचनालयासमोरच्या पटांगणात दूध आटवले जाते आणि ते आटेपर्यंत गाणी होतात. आजवर ज्याला जे येईल ते तो म्हणत असे. परिणामी गेल्या वर्षी तिघांनी एकच गाणे म्हटले आणि चौथ्याने माईक हातचा सोडला नाही. या वर्षी गाण्यांना काही धरबंध असावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले, आणि ज्या गाण्याच्या नावातच प्रश्न आहे तेवढीच गाणी घ्यावीत, असे माझ्या तोंडून सहज निघून गेले. सर्वांनी माना डोलावल्या आणि यादीचे काम माझ्याच गळ्यात पडले.

बसल्या बैठकीत पाच गाणी आठवली : 'सांग सांग भोलानाथ, पाऊस पडेल काय', 'का रे दुरावा', 'सांग कधी कळणार तुला', 'तरुण आहे रात्र अजुनी, राजसा निजलास का रे' आणि सुलोचना चव्हाणांचे 'कसं काय पाटील बरं हाय का'. सहाव्यावर वाद झाला. आमच्या ढोलकीवाल्याने 'पिंजरा'तले 'मला लागली कुणाची उचकी' सुचवले. अर्ध्या लोकांचे म्हणणे असे की 'कुणाची' हा शब्द आला म्हणजे प्रश्न आलाच. उरलेल्यांचे म्हणणे असे की ती बाई काही विचारत नाही, आपली अवस्था सांगते आहे. वाद इतका वाढला की चहा निवून गेला आणि बैठक 'पुढच्या सोमवारी पाहू' या वाक्यावर उठली.

तेव्हा मला दोन गोष्टी हव्या आहेत. गाण्यातला प्रश्न खरा कोणता आणि नुसता दिसायला प्रश्न कोणता, हे ओळखण्याची एखादी रीत कुणी सांगावी. दुसरे म्हणजे आपल्या विदर्भातली, आपल्या माणसांनी लिहिलेली किंवा गायलेली अशी गाणी असतील तर ती आधी सुचवावीत. मुंबई-पुण्याची गाणी आमच्या पोरांना मोबाइलवर सापडतातच.

खडू-फळा (मूर्तिजापूर तालुका) :

तिफणवाले, तुमच्या वादाचे मूळ व्याकरणात आहे, त्यामुळे मास्तरकी केल्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मराठीत 'का' हा शब्द दोन जागी बसतो आणि दोन वेगळी कामे करतो. आरंभी बसला की तो कारण विचारतो, शेवटी बसला की त्याला होय किंवा नाही एवढेच हवे असते. 'का रे दुरावा, का रे अबोला' म्हणणारी कारण मागते. 'राजसा निजलास का रे' म्हणणारी होय-नाही मागते. आपल्या वऱ्हाडीत हा घोळ होतच नाही, कारण कारणासाठी आपल्याकडे 'काहून' हा स्वतंत्र शब्द आहे आणि होय-नाहीसाठी 'काय' आहे. 'काहून झोपला?' आणि 'झोपला काय?' यांत आपल्याकडचे शेंबडे पोरही गल्लत करणार नाही. 'पाऊस पडेल काय' ही पाडगावकरांची ओळ आपल्या मुलांना इतकी घरची वाटते, त्यात या 'काय'चाही वाटा असावा असे मला वर्गात शिकवताना नेहमी वाटे.

आता रीत. गाण्याची ओळ गाण्याबाहेर काढावी, चावडीवर बसलेल्या कुणाला तरी साध्या आवाजात विचारावी, आणि तो उत्तर देऊ लागतो की नुसता 'खरं आहे' म्हणतो ते पाहावे. 'कसं काय पाटील, बरं हाय का' म्हटले की पाटील उत्तर देणारच. 'माणूस' या प्रभातच्या १९३९ सालच्या चित्रपटातले, शांता हुबळीकरांच्या तोंडचे 'कशाला उद्याची बात' म्हटले तर कुणी कारणे सांगू लागत नाही. मान हलवतो आणि गप्प बसतो. त्या 'कशाला'चा अर्थ 'नको' एवढाच आहे. अशी गाणी वर्ज्य करा असे मी म्हणत नाही, पण तुम्हाला नियम कडक ठेवायचा असेल तर ती कडेला ठेवावी लागतील.

उचकीच्या बाबतीत माझा कौल ढोलकीवाल्याच्या बाजूने आहे. आपल्या घरी उचकी लागली की बाया काय करतात ते आठवा. 'कोन आठवन काढून रायलं बाप्पा' असे म्हणत एकेकाचे नाव घेतात आणि ज्याच्या नावाला उचकी थांबते, तो आठवण काढणारा ठरतो. उचकी लागणे हेच मुळी विचारणे आहे, त्यामुळे ती बाई सांगते आहे की विचारते आहे, हा वादच मला पटत नाही.

आणि तुम्ही विदर्भातले आधी मागितले आहे, तर 'कुणी जाल का, सांगाल का, सुचवाल का त्या कोकिळा' हे गाणे पहिल्या क्रमांकावर लिहून घ्या. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा जन्म १९०१ चा, मूर्तिजापूरचा. ज्यांनी ते गायले त्या डॉ. वसंतराव देशपांड्यांचा जन्म १९२० चा, तोही मूर्तिजापूरचाच. चाल यशवंत देवांची आहे. आमच्या एवढ्याशा गावाने एका गाण्याला कवीही दिला आणि गळाही दिला, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी मागच्या बाकावरून 'गुरुजी, मंग चाल काहून नाही देली?' असा प्रश्न येत असे.

या गाण्यात एका दमात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही होय-नाहीचे आहेत. पण ते कोकिळेला विचारलेले नाहीत, हे लक्षात घ्यावे. कोकिळेला रात्री गाऊ नकोस असे सांगायचे आहे, आणि ते सांगायला कुणी जाईल का, असे भोवतालच्या लोकांना विचारले आहे. वसंतराव 'का' या अक्षरावर दरवेळी निराळे थांबतात. कधी विनवणी वाटते, कधी कुणी जाणार नाही हे आधीच कळून चुकल्यासारखे वाटते. तुमच्याकडे हे गाणारा नसेल तर रेकॉर्ड लावा. कच्च्या गळ्याने त्याला हात लावू नये.

खिरापत (मेहकर) :

तिफणवालेभाऊ, राग मानू नका, पण तुमच्या मंडळाच्या बैठकीत एकही बाई नव्हती हे यादीवरून लगेच कळते. कोजागिरीच्या रात्री भुलाबाईची बोळवण असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर तुमच्याच गावातल्या मुली घरोघरी जाऊन प्रश्नांचीच गाणी म्हणत असतील, आणि तुम्ही प्रश्नांच्या गाण्यांसाठी 'पिंजरा'पर्यंत जाऊन आलात.

'यादवराया राणी घरासी येईना कैसी, सासुरवाशीण सून रुसून बसली कैसी' हे घ्या. सगळे गाणे त्या 'कैसी'वर उभे आहे. सासू जाते, सासरा जातो, दीर जातो, प्रत्येक जण काही ना काही देऊ करतो आणि सून प्रत्येकाला परत पाठवते. तिला काय हवे आहे, हे मात्र त्या गाण्यात कुणीच विचारत नाही. शेवटी नवरा चाबूक घेऊन जातो आणि ती निघते. लहानपणी आम्ही हे कडवे सगळ्यात मोठ्याने म्हणत होतो. माझ्या मुलीने एकदा 'मग ती काहून आली?' असे विचारले तेव्हापासून माझ्या तोंडून ते निघत नाही. तुम्ही घ्यायचे की नाही ते पाहा, पण घेतले तर शेवट लपवू नका आणि साजराही करू नका.

त्यापेक्षा मला कारल्याच्या वेलाचे गाणे जास्त आवडते. 'कारल्याचं बी पेरलं हो सासूबाई, आता तरी जाऊ का माहेरा?' गुरुजींच्या भाषेत हे होय-नाहीचे गाणे आहे. पण सासू एकदाही 'नाही' म्हणत नाही. ती फक्त पुढचे काम सांगते : कोंब येऊ दे, वेल चढू दे, फूल लागू दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे. नकार न देता माणसाला किती दिवस थांबवता येते, ते त्या गाण्यातल्या सासूकडून शिकावे. हे गाणे म्हणायला दोन गट लागतात, एक सुनेचा आणि एक सासूचा, आणि प्रश्न प्रत्येक वेळी थोडा वरच्या पट्टीत जातो. आमच्याकडे सासूचा गट नेहमी अविवाहित मुलींचा असतो. त्यांना ते काम फार मनापासून करता येते.

आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची असते, तोही एक प्रश्नच आहे. डबा झाकलेला असतो, मुली तो कानाशी हलवून पाहतात, आणि मग सुरू होते : गोड की तिखट? कोरडे की ओले? डब्यातून खुळखुळ आवाज आला तर फुटाणे किंवा शेंगदाणे, थपथप आवाज आला तर शिरा किंवा बर्फी. आमची आई चिवड्याच्या डब्यात वर एक वाटी पालथी घालून ठेवत असे, म्हणजे आवाज फसवा यावा. पूर्ण आळी हरली की तिचा चेहरा पाहण्यासारखा असे.

रात्रपाळी (चांदूर रेल्वे) :

सर्व जाणत्या मंडळींची माफी मागून विचारतो, की हिंदी गाणी चालतील काय? रफीसाहेबांचे 'क्या हुआ तेरा वादा' वरच्या सर्व कसोट्यांना उतरते. १९७७ च्या त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि आमच्या कारखान्यात रात्री अडीच वाजता झोप उडवायला अजूनही तेच लागते. शिवाय २०११ साली धनुषने गायलेले 'व्हाय धिस कोलावेरी डी' घेता येईल. 'एवढा जीवघेणा राग काहून गं पोरी' एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तमिळ कुणाला येत नसतानाही त्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक वरातीत ते वाजले होते. हल्ली वरातीत 'पाव्हणं जेवला का' वाजते. तो तर आपल्याकडे दारात आलेल्या प्रत्येकाला विचारायचा पहिलाच प्रश्न आहे.

तिफणवाला (दारव्हा तालुका) :

खिरापतताई, आपले म्हणणे खरे आहे, बैठकीत बाई नव्हती. सोमवारच्या बैठकीला भुलाबाईच्या मुलींपैकी दोघींना आणि त्यांच्या आयांना बोलावले आहे. कारल्याचा वेल नक्की झाला. सासूच्या गटात कोण असावे यावर आताच चढाओढ लागली आहे. रात्रपाळीभाऊ, हिंदीची दोन गाणी घेऊ, पण दूध उकळायला लागल्यानंतर, कारण तेव्हा तशीही कुणी ऐकत नाही. गुरुजी, उचकीचा निकाल ढोलकीवाल्याला वाचून दाखवला. तो आपल्या पाया पडायला मूर्तिजापूरला येतो म्हणतो.

झाडीतला (ब्रह्मपुरीकडचा) :

इथवरची चर्चा वाचून एक गोष्ट खटकली. तुम्ही मंडळी ज्या गाण्यांची नावे घेत आहात, त्यांतल्या बहुतेकांत प्रश्न विचारला जातो तो उत्तर मिळणार नाही अशाच ठिकाणी. आमच्या झाडीपट्टीत असा प्रश्न कुणी गाऊन दाखवला तर लोक म्हणतील, पुढे बोल. आमच्याकडे खडी गंमत आहे. दोन शाहिरांची गाठ पडली की डफ आणि ढोलकीवर एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच मापात जवाब द्यायचा. कलगीवाला शक्तीला मोठे म्हणणार, तुरेवाला शिवाला मोठे म्हणणार, आणि दोघेही पुराणातले असे कोपरे उकरून काढणार की समोरच्याची रात्र खराब व्हावी. सवाल टाकणाऱ्याला उत्तर स्वतःला ठाऊक असावेच लागते. नसेल आणि समोरच्याने 'तूच सांग' म्हटले तर फजिती त्याचीच होते.

लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून मी अशी एक गंमत पाहिली होती. मध्यरात्रीनंतर केव्हातरी एका शाहिराला जवाब सुचेना. त्याने तुणतुण्याची तार जुळवण्याचे निमित्त केले आणि ती इतका वेळ जुळवली की लोक हसू लागले. मग त्याने ती तार जुळवता जुळवताच जवाब रचला आणि पहिली ओळच अशी टाकली की तार तुटली तरी वचन तुटणार नाही. आजोबांनी मला मांडीवरून खाली ठेवले आणि खिशातला रुपया काढला. सवालाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, पण सवाल अंगावर आलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या रात्री पाहिले.

सांगायचे एवढेच, की तुमच्या कार्यक्रमात निदान एक जोडी अशी ठेवा जिच्यात एकाने गाण्यातून विचारावे आणि दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यावे. नाहीतर प्रश्नांची रात्र म्हणून बोलवाल आणि लोक उपाशी घरी जातील.

संत्र्याचा मळा (वरूड) :

'तरुण आहे रात्र अजुनी'बद्दल बोलायचे आहे. सुरेश भट आमच्या अमरावतीचे, शब्द त्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि आवाज आशाताईंचा. त्यामुळे ते यादीत असावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका एवढीच आहे की पोरेबाळे आणि म्हातारी माणसे एकत्र बसलेली असताना ते कसे वाटेल. हे गाणे युद्धात पडलेल्या जवानाच्या पत्नीच्या तोंडी आहे अशी एक कथा मला मोबाइलवर निदान दहा वेळा आली आहे. आधार कोणताच दिलेला नसतो, फक्त 'पुढे पाठवा' असे लिहिलेले असते. मला वाटते, शृंगाराची लाज वाटणाऱ्या कुणीतरी ती सोय करून घेतली असावी. गाण्याला तिची गरज नाही.

त्यातला प्रश्नच पाहा ना. 'निजलास का रे' या प्रश्नाला 'होय' असे उत्तर जगात कुणालाही देता येत नाही, कारण खरोखर निजलेला माणूस बोलत नाही, आणि बोलला तर तो निजलेला नाही. विचारणारीला हे पुरते ठाऊक आहे. ती उत्तर मागतच नाही, ती त्याला जागा करते आहे. 'सखी मंद झाल्या तारका, आता तरी येशील का' या सुधीर मोघ्यांच्या गाण्यात माणूस दूर असलेल्या सखीला विचारतो. इथे माणूस हातभर अंतरावर आहे आणि तरीही तितकाच दूर आहे. भटांनी हे सगळे एका 'का रे'मध्ये बसवले आहे. म्हाताऱ्यांची चिंता करू नका, त्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळले आहे.

खडू-फळा (मूर्तिजापूर तालुका) :

झाडीतले, आपली तक्रार वाजवी आहे आणि तिच्यावर इलाज 'गीतरामायणा'त सापडेल. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या त्या ५६ गीतांत प्रश्नांची गीते पुष्कळ आहेत : 'कोण तू कुठला राजकुमार', 'कोठे सीता जनकनंदिनी', 'आज का निष्फळ होती बाण', 'मज सांग लक्ष्मणा जाऊ कुठे'. त्यांतली एक जोडी मात्र आपल्याला हवी तशी आहे. 'उगा का काळीज माझे उले' असे कौसल्या विचारते आणि लगेच पुढच्या गीतात दशरथ 'उदास का तू' असे तिला विचारतो. मूल नसल्याचे दुःख तिलाही आहे आणि त्यालाही आहे. ती स्वतःलाच कारण विचारते आणि तो तिला. प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर दिले आहे, आणि तरी त्या घरात संवाद झाला असे वाटते. तुमच्या गावात एखादे गाणारे जोडपे असेल तर त्यांना ही दोन गीते लागोपाठ द्यावीत.

अभंगांत पाहायचे तर ज्ञानदेवांचे 'तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे' आहे, ज्यात प्रश्नाचे उत्तर पुढच्याच ओळीत मिळून जाते. आणि खिरापतताईंच्या जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचे म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या चोखोबांचा 'ऊस डोंगा परी' घ्या. 'काय भुललासी वरलिया रंगा' हा दिसायला प्रश्न आणि प्रत्यक्षात झाडाझडती आहे, म्हणजे माझ्याच कसोटीने तो कडेला पडायला हवा. पण तो मी कडेला ठेवणार नाही. नियम मास्तरांनी करायचे आणि मास्तरांनीच मोडायचे, ही जुनी रीत आहे.

निळे आभाळ (हिंगणघाट तालुका) :

गावाची कोजागिरी म्हणता आणि यादीत गावाच्या एकाच टोकाची गाणी दिसतात, म्हणून लिहितो. चौदा एप्रिलच्या रात्री आमच्या वस्तीत जे गाणे झाल्याशिवाय कुणी उठत नाही, ते वामनदादा कर्डकांचे 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो' हे आहे. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे विदर्भाचे नव्हेत. पण आमच्या घरातल्या भिंतींना त्यांची गाणी पाठ आहेत.

झाडीतले म्हणतात तसे हे उत्तर न मिळणाऱ्या ठिकाणी विचारलेले गाणे नाही. यात चंद्र नाही, कोकिळा नाही, झोपलेला राजसा नाही. देशात धनाचा साठा आहे, तो कुठे आहे हे सर्वांना दिसते, आणि त्यातला आमचा वाटा कुठे आहे, असा सरळ हिशेब विचारला आहे. गाणारा 'कुठं हाय हो' म्हणून थांबतो आणि समोरचे हजार लोक तीच ओळ परत म्हणतात. परत म्हणताना ते उत्तर देत नाहीत, तेही विचारू लागतात. गुरुजी, आपल्या व्याकरणात अशा प्रश्नाला काय म्हणतात ते मला माहीत नाही. माझी आई कापूस वेचायला जात होती, किलोवर मजुरी मिळत होती, आणि संध्याकाळी काट्यावर माप झाले की ती हीच ओळ हळू आवाजात म्हणत घरी येत होती. काट्यावर उभा असलेला माणूस ते ऐकून न ऐकल्यासारखे करत असे.

तिफणवाला (दारव्हा तालुका) :

निळे आभाळ, आपण लिहिले ते बरे झाले. आमच्या यादीत हे गाणे नव्हते, ही चूक माझी आहे, गाण्याची नाही. सोमवारच्या बैठकीत ते मांडले. एकाने 'कोजागिरीला कशाला' असे विचारले. तेव्हा गुरुजींची कसोटी वापरून पाहिली : हा खरा प्रश्न आहे की याचा अर्थ नुसता 'नको' आहे, असे मी त्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत. गाणे घेतले आहे, आणि आमच्या वस्तीतला भजनी संचच ते म्हणणार आहे.

आता ज्या गाण्यापासून मी सुरुवात केली होती त्याविषयी. 'सांग सांग भोलानाथ' हे मी बालवाडीच्या पोरांना देणार होतो आणि त्याचा फारसा विचारही केला नव्हता. पाडगावकरांचे शब्द, मीना खडीकरांची चाल, सर्वांना पाठ. त्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रश्नच प्रश्न आहेत. पोराला पाऊस हवा आहे तो शाळेला सुट्टी मिळावी म्हणून, आणि विचारले आहे नंदीबैलाला, जो सगळ्याच प्रश्नांना मान हलवतो.

शनिवारी पोरांची तालीम आमच्या ओसरीवर झाली. माझे वडील खाटेवर बसून ऐकत होते. या वर्षी मृगाच्या सरी आल्या, आम्ही घाई केली, सोयाबीन पेरले, आणि मग अठरा दिवस आभाळ कोरडे राहिले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आम्हालाही ठाऊक होते. पण शेजारच्या धुऱ्यावर तिफण चालू झाली की घरी बसवत नाही. त्या अठरा दिवसांत वडील रोज सकाळी वावरात जात, तासात बोट खुपसून ओल पाहत, आणि परत येऊन आईला तेच विचारत : 'पानी येईन काय वं?' आई काही भोलानाथ नव्हती, ती मानही हलवत नव्हती. एकोणिसाव्या दिवशी दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या थैल्या आणल्या. अक्षय तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीत पावसापाण्याचे काय भाकीत निघाले होते ते एव्हाना कुणाच्या लक्षातही नव्हते. मे महिन्यात मात्र गावातल्या प्रत्येकाने 'भेंडवळले काय सांगतलं?' असे एकमेकांना विचारले होते.

पोरांचे पहिले कडवे झाले आणि वडील म्हणाले, 'हे तं आपलंच गानं होय.' पोरे हसली. त्यांना सुट्टीचा पाऊस दिसत होता. मग वडिलांनी खाटेवरूनच पोळ्याची झडती म्हटली. गावच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात, आणि ही त्यांतली जुनी आहे :

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशासाठी,
पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी,
देव कवा धावंल गरिबासाठी?

आणि लगेच सवयीने 'एक नमन गौरा पारबती, हर बोला' म्हणून हात वर केला, तर ओसरीवरच्या सगळ्या पोरांनी 'हर हर महादेव' म्हणून आळी दणाणून सोडली. लहानपणापासून मी ही झडती दर पोळ्याला ऐकतो आहे, पण चौथ्या ओळीत प्रश्न आहे हे मला शनिवारी पहिल्यांदा ऐकू आले. प्रश्न पुरता होतो न होतो तोच हर हर महादेवचा गजर येतो, त्यामुळे उत्तराला जागाच उरत नाही. आणि ज्या देवाच्या बायकोच्या लुगड्याला छप्पन गाठी आहेत, तो धावून तरी काय आणणार, हेही झडतीनेच आधी सांगून ठेवले आहे.

मंडळाने ठरवले आहे की पोरांचे 'भोलानाथ' झाले की त्याला लागूनच वडिलांनी ही झडती म्हणावी. ती गाणे नाही, असा आक्षेप एकाने घेतला. ढोलकीवाल्याने ठेका वाजवून दाखवला, तेव्हा आक्षेप मागे घेतला गेला.

खिरापत (मेहकर) :

वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. बाबांना आमचा नमस्कार सांगा. एक किरकोळ गोष्ट राहिली : बालवाडीतल्या अगदी लहान पोरांना 'चांदोबा चांदोबा भागलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का' द्यावे. पुण्याकडे निंबोणी म्हणजे लिंबाचे झाड समजतात असे माझी नणंद सांगते. आमच्या अंगणात लिंबाचे झाड कमरेएवढे आहे, त्यामागे चांदोबा लपायचा तर त्याला वाकावे लागेल. आमची पोरे सरळ कडुनिंबाकडे बोट दाखवतात आणि कोजागिरीचा चंद्र त्यांना दरवर्षी तिथेच सापडतो.

झाडीतला (ब्रह्मपुरीकडचा) :

तिफणवाले, झडतीपुढे माझी तक्रार मी मागे घेतो. मात्र माझी सवाल-जवाबाची जोडी विसरू नका. आणि उचकी शेवटी कुणी म्हणायची ठरली?

तिफणवाला (दारव्हा तालुका) :

जोडी जमली आहे. गुरुजींनी सांगितलेली कौसल्या-दशरथाची दोन गीते आमच्या पोस्टमास्तरांनी आणि त्यांच्या मंडळींनी घेतली आहेत. दोघे काल संध्याकाळी तालमीसाठी म्हणून बसले आणि पट्टी कुणाची धरायची यावरून आज सकाळपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणजे 'का रे अबोला'चीही सोय झाली. कोकिळेसाठी रेकॉर्डच लावणार आहोत. उचकी ढोलकीवाला स्वतः म्हणणार आहे, आणि ती चालू असताना समोरच्या लोकांनी एकेकाचे नाव मोठ्याने घ्यायचे आहे. ज्या नावाला तो थांबेल त्या माणसाने पुढचे गाणे म्हणायचे. कुणाच्या नावाला थांबायचे ते त्याने आधीच ठरवले असावे असा माझा संशय आहे, पण विचारले तर नुसता भोलानाथासारखी मान हलवतो.